न मिळालेला कोट

१९४२ साली वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात तिशीला टेकलेला एक तरुण ओव्हरकोट घ्यायला गेला. खिशात पैसे होते, अंगावर बरे कपडे होते. पण विक्रेत्यांना तो दिसेचना. दिसला तेव्हा त्याच्या मापाचा कोट नव्हता. त्याआधी जेवायला गेला तिथं मागच्या दारानं ये म्हणाले होते. सिनेमाचं तिकीट मागितलं, तेही मिळालं नाही. कोटाविना, उपाशी आणि संतापलेला असा तो कचेरीत परतला.

ही तिन्ही कामं त्याला त्याच्या नव्या साहेबानंच नेमून दिली होती. रॉय स्ट्रायकर हा अमेरिकी सरकारच्या शेतकरी मदत खात्यातल्या छायाचित्र विभागाचा प्रमुख. मंदीनं आणि दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या कुटुंबांचे फोटो काढायला त्यानं डोरोथिआ लँग, वॉकर एव्हान्स अशी माणसं देशभर पिटाळली होती. या नव्या पोराला मात्र त्यानं सांगितलं, कॅमेरा कपाटात ठेव. जा, जेव, सिनेमा बघ, एक कोट घे. काय होणार हे स्ट्रायकरला पक्कं ठाऊक होतं. राजधानी कशी आहे, हे पोराला अंगावर कळायला हवं होतं.

तरुणाचं नाव गॉर्डन पार्क्स. पुढं तो ‘व्होग’साठी रेशमी गाऊन टिपणारा फॅशन छायाचित्रकार झाला. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पगारपत्रकावर आलेला पहिला कृष्णवर्णी छायाचित्रकार झाला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारा पहिला कृष्णवर्णी अमेरिकनही तोच. कादंबरी, कविता, आत्मचरित्रं, संगीतरचना, एक बॅले हे सगळं वेगळंच. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या कामाची वाटणी करतात: हार्लेम आणि अलाबामा हे काळजाचं काम, पॅरिस आणि फॅशन हे पोटाचं. मला ही वाटणी कधी पटली नाही. कपडा हा पार्क्सचा खरा विषय होता. कोण काय घालतं, कुणाला काय घालू दिलं जात नाही, आणि चारचौघांत नीटनेटकं दिसण्यासाठी नाडलेला माणूस किती आटापिटा करतो, हे त्याच्याइतकं निरखून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२चा, कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावचा. पंधरा भावंडांत हा शेंडेफळ. तो सांगे, की जन्मला तेव्हा मेलेलाच समजले होते. एका तरुण डॉक्टरनं बर्फाच्या पाण्यात बुचकळलं तेव्हा रडला, आणि त्या डॉक्टरचंच नाव त्याला मिळालं. अकरा वर्षांचा असताना तीन गोऱ्या पोरांनी त्याला मार्माटन नदीत ढकलून दिलं. पोहता येत नाही हे माहीत असूनच ढकललं. पाण्याखाली दम धरून तो कसाबसा काठाला लागला. पंधराव्या वर्षी आई गेली. ती शवपेटीत होती त्या रात्री हा पोरगा तिच्याशेजारीच झोपला, असं त्यानं लिहून ठेवलंय.

मग त्याला उत्तरेला, मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात बहिणीकडं पाठवलं. मेव्हण्यानं लवकरच घराबाहेर काढलं. हिवाळा तिथला, म्हणजे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठणारा. रात्र काढायला तो ट्राममध्ये बसून सेंट पॉल ते मिनियापोलिस अशा खेपा घाली. कुंटणखान्यात पियानो वाजवला, हॉटेलात भांडी उचलली, आणि शेवटी रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर म्हणून लागला.

त्याच्या घडणीत मला सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते ती या आगगाडीची. प्रवासी उतरताना मासिकं टाकून जात आणि हा ती गोळा करून वाची. एका अंकात विस्थापित शेतमजुरांचे फोटो होते, स्ट्रायकरच्याच माणसांनी काढलेले. दुसऱ्यात, म्हणजे ‘व्होग’मध्ये, एडवर्ड स्टायकेनच्या कॅमेऱ्यातून उतरलेल्या नटव्या बायका. भूक आणि फॅशन त्याच्या हातात एकाच रद्दीतून आली. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सिॲटलमध्ये गहाणवटीच्या दुकानातून त्यानं जुना फोक्टलेंडर कॅमेरा घेतला. किंमत एका आठवणीत साडेसात डॉलर, दुसरीत साडेबारा. पार्क्सनं आत्मचरित्रं अनेक लिहिली आणि त्यांचा आपसांत नेहमीच मेळ बसतो असं नाही. ज्याला गोष्ट सांगता येते त्याच्याकडून हिशेबाची वही मागू नये. पहिल्याच रोलच्या वेळी समुद्रपक्ष्यांचा फोटो काढताना तो पाण्यात पडला, हे मात्र तो रंगवून सांगे.

सेंट पॉलमध्ये श्रीमंत बायकांच्या कपड्यांचं एक दुकान होतं. मॉडेलचा फोटो आयुष्यात कधी न काढलेला हा माणूस तिथं गेला आणि म्हणाला, तुमच्या कपड्यांचे फोटो काढू द्या. मालक उडवून लावायच्या बेतात होता. मालकीणबाई म्हणाल्या, काढू दे. संध्याकाळच्या झुळझुळीत गाऊनचे फोटो काढून तो घरी आला, रोल धुतला, तर प्रत्येक निगेटिव्हवर दोन-दोन चित्रं चढलेली. सगळा रोल वाया. एक फोटो तेवढा वाचला होता. त्यानं तो एकच फोटो भलामोठा करून सकाळी दुकानाच्या दारात उभा केला. मालकीणबाई बेहद्द खूश. बाकीचे कुठायत, असं विचारल्यावर त्यानं खरं काय ते सांगितलं, आणि पुन्हा काढायची परवानगी मिळवली. पुढं ते फोटो मुष्टियोद्धा जो लुईच्या बायकोच्या, मार्वाच्या, नजरेला पडले. तिनं सुचवलं, शिकागोला ये, तिथं तुला काम मिळेल.

शिकागोत तो उच्चभ्रू बायकांची पोर्ट्रेट काढे आणि उरलेल्या वेळात साउथ साइडच्या काळ्या वस्तीत हिंडे. या वस्तीतल्या फोटोंवर त्याला १९४२ची रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिच्या जोरावर तो स्ट्रायकरकडं आला. पुढं कोटाची गोष्ट घडली.

संतापून आलेल्या पोराला स्ट्रायकर म्हणाला, वंशभेदाचा फोटो काढायचा तर भेदभाव करणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा रोखून भागत नाही. कपाळावर लिहिलेलं नसतं. ज्यांनी सोसलंय त्यांच्याशी बोल. त्याच इमारतीत एला वॉटसन नावाची बाई फरशा पुसायची. वर्षाला १,०८० डॉलर पगार आणि सहा जणांचं घर. बाप जमावानं मारलेला. पार्क्सनं तिला अमेरिकेच्या राष्ट्रध्वजापुढं उभं केलं; एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा. ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’ हे १९३०चं चित्र तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं: कोरड्या चेहऱ्याचा शेतकरी, हातात दाताळं, शेजारी बाई. पार्क्सच्या फोटोलाही तेच नाव पडलं. स्ट्रायकर फोटो बघून म्हणाला, तू आपल्या सगळ्यांची नोकरी घालवशील.

या फोटोवर बोलताना सगळे झेंड्याकडं बघतात. मी झग्याकडं बघतो. ठिपक्याठिपक्यांचा, धुऊन धुऊन विरलेला सुती झगा, कष्टाचा पण मळका नाही. झेंडा मागं धूसर आहे. ठिपके मात्र मोजता येतील इतके स्पष्ट. सेंट पॉलच्या दुकानातला गाऊन ज्या निगुतीनं उजेडात धरला होता, त्याच निगुतीनं पार्क्सनं वॉटसनबाईंचा झगा धरलाय. आणि तो या एका फोटोवर थांबला नाही. महिनाभर त्यांच्या मागं त्यांच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, नातवंडांत बसला. रविवारी चर्चला जातानाच्या त्यांच्या वेषाचेही फोटो आहेत. झाडू हातात नसलेल्या वॉटसनबाई पाहिल्या की मग पहिला फोटो जास्त खुपतो.

१९४४च्या सुमारास तो न्यूयॉर्कला हार्लेममध्ये आला. स्टायकेननं त्याला ‘हार्पर्स बझार’च्या अलेक्सी ब्रॉडोविचकडं धाडलं. ब्रॉडोविच हा मासिकाच्या मांडणीतला त्या काळचा गुरू. त्याला काम आवडलं, पण मालक कंपनी काळ्या माणसाला घेत नाही, असं तो ओशाळून म्हणाला. स्टायकेननं मग ‘व्होग’च्या अलेक्झांडर लिबरमनकडं पाठवलं. लिबरमननं काम दिलं. आधी ‘ग्लॅमर’साठी, मग ‘व्होग’साठी. या फॅशन फोटोंत पार्क्सनं एक गोष्ट लवकर ओळखली: कपडा उभा असताना मेलेला असतो. त्याच्या मॉडेल चालतात, वळतात, पायऱ्या उतरतात. घेर हवेत असतो. स्टुडिओच्या भिंतीपेक्षा त्याला रस्ता आवडे.

‘लाइफ’चं दार त्यानं १९४८मध्ये वेळ न ठरवताच ठोठावलं. चित्रसंपादकाला त्यानं हार्लेममधल्या पोरांच्या टोळ्यांवर काम करायचं सुचवलं. रेड जॅक्सन हा सतरा वर्षांचा टोळीप्रमुख त्याला पोलिसांच्या ओळखीतून भेटला, आणि पार्क्स कित्येक आठवडे त्याच्याबरोबर राहिला. १ नोव्हेंबर १९४८च्या अंकात ती चित्रकथा आली आणि पार्क्सला कायमची नोकरी मिळाली. पण इथं एक काटा आहे. पार्क्सच्या शेकडो निगेटिव्हमध्ये जॅक्सन घरी आईला हातभार लावताना आहे, हसताना आहे. छापताना संपादकांनी निवडले ते बहुतेक अंधार, हाणामारी आणि शवपेटीचे. प्रिंटही काळोख्या करून घेतल्या. पार्क्स या व्यवहारातला भागीदार होता, आणि हे त्याला ठाऊक होतं. मोठ्या साप्ताहिकाचा पगार घेऊन आपल्या लोकांची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला हा काटा आयुष्यभर बाळगावा लागतो.

१९५०मध्ये ‘लाइफ’नं त्याला शाळांमधल्या वंशभेदावर काम दिलं. तो थेट फोर्ट स्कॉटला गेला आणि लहानपणीच्या काळ्यांच्या शाळेतले वर्गमित्र गावोगाव शोधून काढले. ती चित्रकथा छापलीच गेली नाही. तोवर तो पॅरिसच्या कचेरीत पोहोचला होता. दोन वर्षं तिथं. फॅशनगृहांचे नवे कपडे, नाटकवाले, मुत्सद्दी. तिथं कुठल्याही उपाहारगृहात पुढच्या दारानं आत जाता येतं, याचंच त्याला अप्रूप होतं.

मग १९५६. या वर्षापाशी मला जरा रेंगाळू द्या.

त्या वर्षी पार्क्सनं ‘लाइफ’साठी न्यूयॉर्कच्या पहाटेत एक फॅशन चित्र काढलं: उंची संध्याकाळच्या शाली आणि झगे घातलेल्या मॉडेल, मागं अर्धवट उजाडलेलं शहर. त्याच वर्षी तो अलाबामात गेला. माँटगोमेरीत काळ्यांचा बसवरचा बहिष्कार चालू होता, आणि ‘लाइफ’ला दक्षिणेतल्या वंशभेदावर मालिका हवी होती. सगळे मोर्चाचे आणि पोलिसांचे फोटो काढत होते, तेही काळेपांढरे. पार्क्सनं रंगीत फिल्म भरली आणि मोबील शहराजवळच्या एका कुटुंबात राहिला. थॉर्नटन आजी-आजोबा सोफ्यावर बसलेत, ठेवणीतल्या कपड्यांत, मागं भिंतीवर त्यांचाच लग्नातला फोटो. पोरी कुंपणाच्या जाळीतून गोऱ्यांसाठी राखलेल्या खेळाच्या मैदानाकडं बघताहेत. नळ दोन, पाट्या दोन. आणि सगळे रंग न्यूयॉर्कच्या फॅशनपानांचे: मऊ निळा, पिवळा, गुलाबी. रागाचा एकही रंग नाही. म्हणूनच बघणाऱ्याला पळवाट राहत नाही. ही माणसं तुमच्यासारखीच शनिवारी कपडे धुतात, इस्त्री करतात, रविवारी घालतात.

२४ सप्टेंबर १९५६च्या अंकात ती मालिका आली. त्यात बोललेल्या एका जोडप्यावर गावातल्या गोऱ्यांनी सूड घेतला, रोजगार तुटला आणि त्यांना गाव सोडावं लागलं. ‘लाइफ’नं त्यांना दुसरीकडं बस्तान बसवायला मदत केली, पण फोटोची किंमत फोटोतल्या माणसानं भरावी, हे काही नवं नव्हतं.

या अंकाची तारीख वाचताना मराठी माणसाला दुसरी एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर वीसच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी धर्मांतर केलं, आणि लाखो माणसं पांढरे स्वच्छ कपडे घालून मैदानावर आली. कपड्याचं हे राजकारण आपल्याकडं आणखी जुनं आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, जातीची खूण पटवणारं आखूड लुगडं टाका, अंगभर नेसा, ते जड दागिने काढा. बायकांनी नेसण्याची तऱ्हा तिथंच बदलली. गावोगावच्या पुतळ्यांतल्या त्या निळ्या कोटाला जे हसतात, त्यांना वॉशिंग्टनच्या दुकानातून रिकाम्या हातानं परतलेला पार्क्स कळणार नाही. (हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकत होते, पार्क्स तेव्हा कॅन्ससमध्ये रांगत होता.) दोघांची भेट नाही, पत्र नाही, काही नाही. पार्क्सनं १९७०मध्ये ‘ब्लॅक पँथर’च्या लोकांवर ‘लाइफ’साठी काम केलं, आणि दोनच वर्षांनी मुंबईत त्या नावावरून ‘दलित पँथर’ निघाली, एवढाच काय तो धागा. मला तो पुरतो.

साठच्या दशकात पार्क्सचं नाव सर्वतोमुखी झालं. रिओच्या झोपडपट्टीतल्या फ्लाविओ या दम्यानं खंगलेल्या पोरावरच्या १९६१च्या चित्रकथेनंतर वाचकांनी हजारो डॉलर पाठवले, पोराला उपचारांसाठी अमेरिकेत आणलं. पुढं तो ब्राझीलला परतला आणि गरिबीनं त्याला पुन्हा गाठलं. माल्कम एक्स आणि त्याच्या संघटनेवर पार्क्सनं लिहिलं. माल्कमच्या एका मुलीचा तो धर्मपिता झाला. १९६३ला बालपणावरची ‘द लर्निंग ट्री’ ही कादंबरी आली, आणि तिनं त्याला सिनेमात ढकललं.

त्याची गाठ वॉर्नर ब्रदर्सच्या प्रमुखाशी घालून दिली ती जॉन कॅसावेटिसनं. स्टुडिओनं एका दमात त्याच्या गळ्यात सगळं घातलं: पटकथा, दिग्दर्शन, निर्मिती, आणि संगीतही. वय छप्पन्न. चित्रीकरण फोर्ट स्कॉटलाच. ज्या गावात पोरांनी नदीत ढकललं होतं, त्या गावात तो आता स्टुडिओचा ताफा घेऊन उतरला. १९६९चा ‘द लर्निंग ट्री’ आज बघताना थोडा संथ वाटतो, काही प्रसंग गोग्गोड होतात. पण गव्हाच्या शेतांवरचा उजेड आणि घरच्या कपड्यांचे रंग बघताना अलाबामाची मालिका डोळ्यांसमोर येते. १९८९मध्ये अमेरिकेनं जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तेव्हा पहिल्या पंचविसांत हा होता.

‘शाफ्ट’ मात्र कुणी संथ म्हणू शकणार नाही. १९७१. कॅमेरा वरून बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या सिनेमागृहांच्या पाट्यांवर फिरतो, मग भुयारी रेल्वेच्या जिन्यातून एक काळा माणूस वर येतो. गळाबंद स्वेटर आणि लांब तपकिरी चामड्याचा कोट. तो गाड्यांच्या मधून असा चालतो, की जणू रस्ता त्याच्या बापाचा आहे. मागं आयझॅक हेजचं गाणं, ज्याला पुढं ऑस्कर मिळालं. नायक रिचर्ड राउंडट्री हा ‘एबनी’ मासिकाच्या फॅशन शोमधून आलेला मॉडेल. चालावं कसं हे त्याला येत होतं, आणि चालणाऱ्याला टिपावं कसं हे पार्क्सला. राउंडट्रीनं मिशी काढावी असं निर्मात्याकडून आलं होतं, पार्क्सनं काढू दिली नाही, अशी त्याची आठवण आहे. स्वतः पार्क्सची झुपकेदार मिशी ज्यांनी पाहिलीय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

समीक्षक म्हणतात, हा गुप्तहेरपट साधाच आहे. असेल. कथेत फार दम नाही, हे मीही म्हणेन. पण पहिल्या चार मिनिटांत कथा कुणाला हवी होती? काळा माणूस उत्तम शिवलेला कोट घालून न्यूयॉर्कच्या मधोमध, कुणाची परवानगी न मागता चालतोय, एवढ्यासाठी पोरं पुन्हा पुन्हा तिकीट काढत होती. नंतर या यशाची नक्कल करणारे सिनेमे धडाधड निघाले आणि त्यांना एक हिणकस नाव चिकटलं. पार्क्सला ते नाव स्वतःच्या सिनेमाला लावलेलं खपत नसे. त्याच्याच मुलानं, गॉर्डन पार्क्स ज्युनियरनं, १९७२ला ‘सुपर फ्लाय’ काढला. सात वर्षांनी केनियात विमान कोसळून तो गेला. बापाचा स्वतःचा आवडता चित्रपट १९७६चा ‘लेडबेली’, लोकगायक ह्यूडी लेडबेटरवरचा. स्टुडिओनं त्याची जाहिरात धड केली नाही आणि तो आला तसा गेला. त्यानंतर हॉलिवूडसाठी त्यानं मोठा चित्रपट केला नाही. ७ मार्च २००६ला न्यूयॉर्कमध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. पुरलं फोर्ट स्कॉटला.

तो गेल्यावर काही वर्षांनी त्याच्या नावानं चाललेल्या प्रतिष्ठानाला एका खोक्यात अलाबामाच्या रंगीत पारदर्शिका सापडल्या, सत्तरांहून जास्त. हरवल्या असंच समजत होते. त्या मालिकेतला एक फोटो आता जगभरच्या संग्रहालयांत लागतो. मोबीलमधलं एक डिपार्टमेंट स्टोअर, वर लाल निऑनची पाटी: काळ्यांसाठी प्रवेश. पाटीखाली फुटपाथवर एक तरुण बाई आणि तिची भाची. बाई पेशानं शिक्षिका. फिकट निळा रेशमी पोशाख, केस बसवलेले, पायात उंच टाचेचे बूट. भाचीचा पांढरा फ्रॉक, कमरेला फीत. ‘व्होग’च्या पानावर या दोघी जशाच्या तशा खपल्या असत्या.

फक्त एक गोष्ट. बाईच्या आतल्या कपड्याचा पट्टा खांद्यावरून दंडावर घसरलाय. फॅशनच्या शूटिंगवर हे झालं असतं, तर कुणीतरी टाचण्या घेऊन धावलं असतं. पार्क्सनं अशी शेकडो शूटिंगं केली होती. त्याच्या डोळ्यांतून ते सुटणं शक्य नाही. त्यानं पट्टा तसाच राहू दिला.

त्या बाईंनी पुढं म्हातारपणी सांगितलं, की चांगले कपडे घातले की आपण पहिल्या दर्जाचे आहोत असं वाटे, म्हणून त्या नेहमी नीट आवरूनच बाहेर पडत. त्या दुकानात त्यांना जायचंच नव्हतं. आतून पॉपकॉर्नचा वास येत होता आणि भाचीला ते हवे होते. त्या दारातून तिला आत न्यायचं नव्हतं. फोटोत त्या दूर कुठंतरी बघताहेत, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणं त्या विचार करत होत्या, की पोरीला पॉपकॉर्न दुसरीकडं कुठं मिळतील.